उरलेली बाई

“पण ह्याच्यातली उरलेली बाई कुठंय?”

शहापूरच्या बाजारपेठेत माझ्या मामाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. त्या दुपारी मी आत, पडद्यामागच्या कंप्युटरवर कुणाचा तरी दाखल्याचा अर्ज भरत बसले होते आणि बाहेर काउंटरवर एक बाई मामाला हे विचारत होत्या. मामाला वाटलं झेरॉक्स अर्धवट आली. कागद मोठा आहे, दोन भागांत काढून चिकटवून देतो, असं तो म्हणाला.

“झेरॉक्सचं नाय बोलत मी. मूळ कागदावरच नाय ती. ही बघा, कमरेला सुरू होते नि मांडीवर संपते. सव्वीस वर्षं माझ्या उपकेंद्राच्या भिंतीवर होती ही. डोकं नाय, हात नाय, पाय नाय. मला सांगा, ही दवाखान्यापर्यंत चालत आली कशी?”

अवघड गिऱ्हाईक आलं की मामा नेहमी जे करतो तेच त्याने केलं. आत आमची भाची बसलीय, इंग्लिश मीडियमची, तिला विचारा, असं म्हणून त्याने पडदा सरकवला.

समोर एक बुटक्या, रुंद बांध्याच्या बाई उभ्या होत्या. सुती साडीखाली कॅनव्हासचे पांढरे बूट, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, आणि डाव्या हातावर कोपरापर्यंत बॉलपेनने काहीबाही लिहिलेलं. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कागद पुढे केला.

बाईच्या गर्भाशयाचा नि बीजांडकोशांचा तो तक्ता मला पाठ होता. शाळेत मी तीच आकृती पेन्सिलने काढून, पट्टीने रेघा ओढून, इंग्रजीत नावं घालून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. तिला डोकं नाही हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

त्यांना सगळे सिस्टर म्हणत. मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढच्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी नर्स म्हणून नोकरी केली होती आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. राहायला अजून तिकडेच होत्या, बाजाराला शहापूरला यायच्या. कशा आहात, असं कुणी विचारलं तर त्या एका शब्दात उत्तर देत नसत. “डावा गुडघा नाराज आहे, दात दोन रजेवर, बाकी सगळे कामावर,” असं काहीतरी सांगत. चहा उभ्यानेच पीत. हातावर लिहिण्याची सवय नोकरीतली. वही हरवते, हात हरवत नाय, म्हणायच्या. आंघोळीने पुसलं जात असेल ना, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या की एका दिवसात जे केलं नाही ते करण्यासारखं नव्हतंच.

डोकं नसलेल्या बायकांचा त्यांना विशेष राग होता. बाजारात एका ब्लाउजच्या दुकानाबाहेर तीन पुतळे असत, मानेपर्यंतचेच. सिस्टर त्यांच्यासमोर थांबून विचारपूस करायच्या. एकदा त्यांनी खाकी कागदाच्या पिशव्यांवर स्केचपेनने डोळे, नाक, तोंड काढलं आणि दुकानदार जेवायला गेला असताना त्या पिशव्या तिन्ही पुतळ्यांच्या मानांवर चढवल्या. एकीचं तोंड वाकडं होतं, एक हसत होती, तिसरीची जीभ बाहेर होती. दुकानदाराने काढून फेकल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीन तोंडं. तिसऱ्या खेपेला त्याने नाद सोडला आणि जीभ काढलेली बाई पावसाळ्यापर्यंत तिथेच राहिली.

मला हे सगळं लांबून बघायला आवडायचं. मी बोलणारी मुलगी नाही. आटगावहून शहापूरला येताना शेअर रिक्षात मी नेहमी कडेला बसते आणि उतरायचं ठिकाण सांगावं लागू नये म्हणून दुसरं कुणी तिथे उतरेल अशी वाट बघते. आयटीची पदवी घेऊन मी मामाच्या दुकानात बसले होते, कारण घरात माझं लग्न ठरवायचं चाललं होतं आणि ठरेपर्यंत लांबची नोकरी नको, असं आईचं म्हणणं होतं.

सिस्टरना माझ्याकडून काय हवं होतं, ते त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितलं. त्यांच्या शेजारणीच्या नातीकडे मोबाइलवर लहान मुलांचं गोष्टींचं पुस्तक होतं. गायीच्या चित्राला बोट लावलं की गाय हंबरायची.

“गायीला बोट लावलं तर ती हंबरते,” त्या म्हणाल्या. “बाईला लावलं तर?”

मला वाटलं त्यांना आरोग्याची माहिती देणारं काहीतरी हवंय. मी तसं म्हटलं. त्यांनी मान हलवली.

“माहिती तक्त्यावर होती ना. कोण वाचत होतं? मला गोष्टी पाहिजेत. बाईच्या अंगाला बोट लावलं की अंगानं आपली गोष्ट सांगायची.”

गोष्टी त्यांच्याकडे होत्या. कशा आल्या ते सांगायला हवं. उपकेंद्रात येणाऱ्या बायका आपलं दुखणं तोंडाने सांगत नसत आणि स्वतःच्या अंगाला हात लावूनही दाखवत नसत. त्या सिस्टरच्या अंगावर दाखवायच्या. सिस्टरच्या पाठीवर, पोटावर, कधी छातीवर बोट टेकवून म्हणायच्या, “हितं.” म्हणजे माझं हितं दुखतं. मग बोट तिथेच ठेवून बाकीचं बोलायच्या. दुसऱ्याच्या अंगावर ठेवलेलं बोट असलं की जीभ सुटते, असं सिस्टर म्हणत. नव्या डॉक्टरांना हे विचित्र वाटायचं. सिस्टरनी मात्र कधी कुणाचं बोट झटकलं नाही. दुखतं का, असं त्या विचारतच नसत. त्यांचा एकच प्रश्न असे, “कुठं?”

“रजिस्टरात वजन, रक्त, कितवा महिना एवढंच गेलं,” त्या म्हणाल्या. “रजिस्टर मी जमा केलं. बाकीचं माझ्या अंगावर राहिलं. ते कुठं जमा करू?”

मी कामाला होकार दिला नव्हता. नकार देणंही मला जमत नाही, म्हणून ते सुरू झालं.

रविवारी मी शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला जायचे आणि तिथून गाडी बदलून टोकावड्याला. पहिल्या रविवारी सिस्टरच्या वस्तीतल्या बुद्धविहारात आठ-दहा बायका जमल्या होत्या. शिवून जोडलेल्या दोन चादरी जमिनीवर पसरल्या होत्या. सिस्टर त्यांच्यावर उताण्या झोपल्या आणि म्हणाल्या, काढा. बायकांनी कोळशाने त्यांच्याभोवती रेघ ओढायला सुरुवात केली. एक कानाजवळ, एक कमरेजवळ, एक पायाच्या बोटांमधून. गुदगुल्या झाल्या की सिस्टर ओरडत आणि रेघ वाकडी होई.

“सिस्टर, पोट आत घ्या जरा,” कमरेजवळची म्हणाली.

“नाय घेत.”

“चित्रात जाडं दिसंल.”

“आहे ते दिसंल. तू रेघ ओढ.”

मी स्टुलावर चढून त्या चादरीचा फोटो घेतला. आमची बाई अशी तयार झाली. ठेंगणी, रुंद, एका कानाशी हललेली रेघ, आणि आत न घेतलेलं पोट. डोकं होतं, हात होते, पाय होते.

त्या संध्याकाळी आईने विचारलं, त्या सिस्टरकडे, त्यांच्या वस्तीत पाणी प्यायलीस का? मी म्हटलं, जेवले. मी आईला कधी उलट बोलत नसे. हेही उलट नव्हतं, नुसतं खरं होतं, पण मला ते बोलताना रिक्षातून स्वतःहून उतरायला सांगितल्यासारखं वाटलं.

मग रेकॉर्डिंग. मोबाइल समोर धरला की बायका मुक्या व्हायच्या. शेवटी सिस्टर मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, दाखवा. एकीने त्यांच्या तळपायाला बोट लावलं. “हितं,” ती म्हणाली आणि सुरू झाली. आठव्या महिन्यात ती भाताची लावणी करत होती. पाय चिखलात असले की पोटातलं पोर शांत बसायचं, आणि बांधावर आली की लाथा मारायचं. म्हणून ती दिवसभर बांधावर आलीच नाही आणि सासूला वाटलं, सून किती कामाची. दुसरीने कानाला बोट लावलं. लग्न झाल्यापासून या कानाने तिचं माहेरचं नाव ऐकलं नव्हतं. मग तिने ते स्वतःच मोबाइलमध्ये तीनदा सांगितलं आणि म्हणाली, आता वाजवा.

एका म्हातारीने मांडीवर बोट ठेवलं. लग्नाआधी म्हसा गावच्या जत्रेत मैत्रिणीबरोबर तिने तिथे विंचू गोंदवून घेतला होता. नवऱ्याने पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिने जन्मखूण म्हणून सांगितलं आणि त्या भोळ्या माणसाने जन्मभर मानलं. कशासाठी गोंदवलास आजी, मी विचारलं. त्या कामात मी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न. “कशासाठी म्हंजे?” ती म्हणाली. “माझी मांडी हाय.”

घरी येऊन मी सगळे आवाज साफ केले. खोकला काढला, कोंबडा काढला, आणि प्रत्येकीच्या सुरुवातीचं ते “हितं” काढलं. एकसारखं येत होतं, मला ते जास्तीचं वाटलं. सिस्टरनी ऐकलं आणि विचारलं, बायांची बोटं कुठं टाकलीस? मी सगळी “हितं” परत जोडली. तिसऱ्या रात्री जोडता जोडता मला कळलं की गोष्ट तिथूनच सुरू होते.

वेबपान मी बनवलं, पण त्याचे नियम सिस्टरचे. एका जागेवरून तुम्ही कुठल्या जागेकडे जाता त्यावर पुढची गोष्ट बदलायची. तळव्यांवरून पोटाकडे गेलं तर लावणीवाली बोलायची, कानावरून पोटाकडे गेलं तर वेगळीच. आणि सगळ्यात मोठा नियम असा की सुरुवात चेहऱ्यापासून. चेहऱ्याला बोट लावलं की बाई विचारायची, ‘माझ्याशी बोलायचंय, की नुसतं बघायचंय?’ बोलायचंय म्हटलं तरच पुढे. थेट दुसरीकडे कुठे बोट लावलं तर ती पाठ फिरवायची आणि मिनिटभर तशीच राहायची. पाठमोरं चित्र बनवायला सिस्टर पुन्हा एका चादरीवर पालथ्या झोपल्या.

“कोण पहिल्यांदा कुठं बोट लावतो ते बघत जा,” त्या मला म्हणाल्या. “माणूस कळतो.”

आता माझं सांगते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला कल्याणच्या एका दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं होतं. मोठी गाठ होती, तिच्याबरोबर एक बीजांडकोश काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, दुसरा चांगला आहे, काही अडणार नाही. पण आईने दवाखान्याच्या जिन्यातच ठरवलं की अपेंडिक्स म्हणायचं. नातेवाईक सफरचंदं घेऊन आले आणि आपापल्या ओळखीतल्या अपेंडिक्सच्या गोष्टी सांगून गेले. पुढे स्थळं यायला लागली तेव्हा आईने मला पुन्हा समोर बसवून तेच सांगितलं. मी हो म्हटलं. तीन वर्षांत मला स्वतःलाच खरोखर अपेंडिक्स काढल्यासारखं वाटायला लागलं होतं.

एका रविवारी सिस्टरच्या घरी माझी पाळी सुरू झाली आणि पोटात कळ आली. मी भिंतीला टेकले. सिस्टर समोर येऊन उभ्या राहिल्या. “कुठं?”

इतके रविवार त्या बायकांना बघत होते, त्याचा परिणाम असेल. माझा हात पुढे गेला, सिस्टरच्या साडीवर, बेंबीच्या बऱ्याच खाली बोट टेकलं आणि डावीकडून उजवीकडे आडवी रेघ ओढली. ओढून झाल्यावर मला समजलं मी काय केलं ते.

सिस्टर माझ्या बोटाकडे बघत राहिल्या.

“घरात काय म्हणतात ह्याला?”

“अपेंडिक्स.”

“अपेंडिक्स उजवीकडं असतं गो. आणि त्याला एवढी लांब खूण लागत नाय.”

मी रडेन असं मला वाटलं होतं. त्या चहा टाकायला गेल्या आणि चहाबरोबर गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या. त्या दिवशी आणि नंतरही त्यांनी एक शब्द विचारला नाही. फक्त पुढच्या रविवारी स्क्रीनवरच्या बाईच्या ओटीपोटावर पेनचं टोक धरून म्हणाल्या, इथं एक जागा ठेव. आवाज नको. मी विचारलं, कुणाची?

“जिची तिला माहीत आहे.”

मी ती जागा ठेवली. बोट लावलं की तिथे उजेड व्हायचा आणि एक ओळ यायची, ‘ही बाई अजून बोललेली नाही.’ ती ओळ मी स्वतः टाइप केली.

मार्च महिन्यात शहापूरच्या एका मंगल कार्यालयात महिला दिनाचा कार्यक्रम होता. एका मंडळाने सिस्टरना बोलावलं. मोठ्या पडद्यावर दाखवू, म्हणाले. दोन दिवस आधी मंडळाच्या बाईंचा मला फोन आला, सिस्टरना नाही. फार गोड बोलल्या. काम छानच आहे, पण शाळेची मुलं येणार, पाहुणे येणार, तर छाती, मांडी आणि ते मधलं, एवढी तीन ठिकाणं काढता येतील का? बाकी बाई तशीच राहू दे.

मी बरं म्हटलं. सिस्टरना सांगायचं धैर्य नव्हतं आणि फोनवरच्या बाईंना नाही म्हणायचंही नव्हतं. नुसती जागा बंद केली तर रिकामं दिसेल, म्हणून मी त्या तीन ठिकाणी तीन गुलाबाची फुलं लावली. नीट, एकसारखी.

कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे होते. त्यांना उद्घाटन म्हणून टॅबवर बोट लावायला सांगितलं. त्यांनी घाईत सरळ कमरेला लावलं. मोठ्या पडद्यावरच्या बाईने पाठ फिरवली.

“बंद पडलं काय?” त्यांनी विचारलं.

“बंद नाय पडलं,” सिस्टर माइकवर म्हणाल्या. “रागावलीय. आधी तोंडाशी बोला.”

मागच्या रांगांमधून हसू आलं, पुढच्या रांगांपर्यंत पोचायला त्याला थोडा वेळ लागला. बाई एक मिनिट पाठमोरी राहिली आणि तेवढा वेळ पाहुणे बोट वर धरून उभे. मग त्यांनी चेहऱ्याला बोट लावलं, बोलायचंय म्हणून सांगितलं, आणि तळवे बोलले, कान बोलला. एका मुलीने ओटीपोटाला बोट लावलं. उजेड झाला, ओळ आली. ही का नाही बोलली, तिने विचारलं. मी लॅपटॉपमागे खाली बघत होते.

“तिच्या टायमानं बोलेल,” सिस्टर म्हणाल्या आणि पुढे गेल्या. पुढे छाती होती. लोकांकडे बघत, सवयीने त्यांनी तिथे बोट लावलं. आवाज आला नाही. तेव्हा त्यांनी मान वर करून पहिल्यांदा पडद्याकडे नीट पाहिलं, आणि त्यांना फुलं दिसली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माइक तोंडाजवळ घेतला.

“ह्या बाईला तीन ठिकाणी गुलाब फुटलेत,” त्या म्हणाल्या. “सव्वीस वर्षांत असा पेशंट मी पाहिला नाय.”

मग त्यांनी माइक डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताचं बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. सभागृहात, पदरावर, सगळ्यांच्या समोर. “हितं,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण बोलणारी बाई दुसरी होती. तिचं पहिलं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. दूध थांबलं नाही. दिवसातून चार वेळा ती बांधापलीकडे जाऊन, भाताच्या आडोशाला बसून ते पिळून टाकायची. घरात कुणाला सांगायचं नाही, कारण बाळ गेल्यावर दूध येतं हे बोलायची पद्धत नाही. महिनाभर तिला वाटत राहिलं की आपलं अंग खुळं आहे, त्याला अजून कळलेलं नाही. एवढंच सांगून सिस्टरनी बोट मांडीवर नेलं आणि विंचवाची गोष्ट सांगितली.

मंडळाच्या बाई उठल्या आणि वेळेचं काहीतरी म्हणाल्या. दोन पुरुष बाहेर गेले, एक शिक्षिका मुलांना उठवायला लागली. मागून कुणीतरी बाई बसल्या जागेवरून म्हणाली, “तुमी बोला सिस्टर.” आणि तिच्या आजूबाजूच्या बायका हलल्या नाहीत.

“तिसरं फूल राहू दे,” सिस्टर म्हणाल्या. “त्याच्याखालचं मी काय सांगू? तुमी सगळे तिथूनच आलात. पाहुणे पण.”

त्या खाली बसल्या. टाळ्या पडल्या का, मला आठवत नाही. मला आठवतात ते मोठ्या पडद्यावरचे माझे तीन गुलाब, एकसारखे, नीट. बाहेर गाडीची वाट बघताना मी माफी मागायला तोंड उघडलं. सिस्टर हातावर काहीतरी लिहीत होत्या.

“फुलं बरी काढलीस,” त्या म्हणाल्या. “पाकळ्या मोजून काढलेल्या दिसतात.”

याहून जास्त त्या मला कधी रागावल्या नाहीत. मी त्याच संध्याकाळी गुलाब काढले आणि आवाज परत जोडले. छातीच्या जागी आता सिस्टरचा सभागृहातला आवाज आहे, मागे ओढल्या जाणाऱ्या खुर्च्यांसकट. खुर्च्या मी साफ केल्या नाहीत.

पावसाळ्यानंतर सिस्टर नागपूरला भाचीकडे राहायला गेल्या. भाचीला दिवस गेले होते आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. जायच्या दिवशी दुकानात आल्या, टॅब काउंटरवर ठेवला आणि मामाला म्हणाल्या, लोक फॉर्मसाठी ताटकळत बसतात, त्यांना हिच्याशी बोलू द्या. मामाला ते पसंत नव्हतं, पण सिस्टरना नाही म्हणणं त्यालाही जमलं नाही. मला त्या म्हणाल्या, ओटीपोटाची जागा बुजवू नकोस, कितीही दिवस रिकामी राहिली तरी चालेल. मग उभ्यानेच चहा प्यायल्या आणि गेल्या.

गेल्या महिन्यात मुरबाडचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला आहे, आम्ही फोनवर दोनदा बोललो, तो ऐकून घेतो. आईने त्याच्या घरी माझी सगळी माहिती दिली होती, अपेंडिक्ससकट. बघायचा दिवस ठरायचा होता. पण आमच्याकडे मुलाकडच्या बायका त्या दिवसाआधी एकदा न सांगता येऊन जातात. मुलगी सजलेली नसताना कशी दिसते, कुणाशी कशी बोलते, ते बघायला. परवा दुपारी दोघी जणी आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी आल्या. कार्डावर मुरबाडचा पत्ता आणि मुलाचं आडनाव होतं, म्हणून मला आणि मामाला एकदमच कळलं. मुलाची आई आणि त्याची मावशी. मामाने स्टुलं पुसून दिली. त्यांना आम्ही ओळखलंय हे त्यांनाही कळलं, पण झेरॉक्सच चालली आहे असं सगळ्यांनी धरून चाललं.

मी मशीनपाशी उभी होते. मुलाच्या आईची नजर माझ्या पायांवरून वर आली, कमरेशी थांबली, वेणीवर गेली. मग तिला काउंटरवरचा टॅब दिसला. हे काय, तिने विचारलं. मामा म्हणाला, काही नाही, लहान मुलांचं आहे. तिने बोट लावलं. चेहऱ्यालाच लावलं, हे मी बघितलं. बाईने विचारलं, ‘माझ्याशी बोलायचंय, की नुसतं बघायचंय?’ तिने ‘बोलायचंय’वर बोट ठेवलं. तळवे ऐकले आणि मावशीला म्हणाली, खरं हाय, चिखलात पोर गप बसतं. पाठ ऐकली. छातीचं ऐकताना दोघी एकमेकींकडे न बघता बसून राहिल्या. मामा उगाच कागदांच्या कडा जुळवत होता.

मग तिचं बोट ओटीपोटावर आलं. उजेड झाला, ओळ आली.

“हितं काय नाय,” ती म्हणाली. थोडा वेळ बोट तिथेच होतं. मग ते तसंच ठेवून तिने वर पाहिलं, माझ्याकडे, पण तोंडाकडे नाही. माझ्या कुर्त्याकडे, बरोबर तेवढ्याच उंचीवर. “तुझं पण आपरेशन झालेलं ना गो? तुझी आई बोलली. अपेंडिक्सचं.”

“बारीकसं,” मामा पटकन म्हणाला. “आता खूणसुद्धा दिसत नाय, ताई.”

मशीनमधून शेवटचा कागद बाहेर आला. मी तो घेतला नाही. मामा माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं माहीत आहे, कल्याणच्या दवाखान्यात रक्त द्यायला तोच आला होता. टॅबवरचा उजेड मिनिटभराने आपोआप विझतो, मीच तसा ठेवलाय. तो अजून होता. मी काउंटरच्या पुढच्या बाजूला आले आणि तिच्या समोर उभी राहिले.

“आधी माझ्या तोंडाकडे बघा,” मी म्हणाले. आणि तिने बघितल्यावर म्हणाले, “ते अपेंडिक्स नव्हतं.”